प्रत्यक्षाचा रकाना

फेब्रुवारीत नाशिकच्या राजीव गांधी भवनात दोन गोष्टी जवळजवळ एकाच सुमारास चाललेल्या असतात. महापालिकेचा पुष्पोत्सव भरतो त्या वर्षी शरणपूर रोडवरच्या त्या इमारतीचे मजले गुलाबांनी, शेवंतीने, बोन्सायच्या कुंड्यांनी भरून जातात. एरवी दाखल्यासाठी नाहीतर घरपट्टीतल्या दुरुस्तीसाठी जिना चढणारी माणसं त्या दिवसांत मुलाबाळांना घेऊन येतात, फोटो काढतात, झाडांची नावं विचारतात. त्याच इमारतीत लेखा विभागाचे लोक पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचे आकडे जुळवत बसलेले असतात. पुष्पोत्सवाचं निमंत्रण गावभर पोचतं. अंदाजपत्रकाची एक बातमी होते, इतक्या कोटींचं, करवाढ आहे किंवा नाही, आणि तिथेच विषय संपतो.

मी नोकरीची सगळी वर्षं बँकेत काढली. त्यामुळे आकड्यांच्या वहीची भीती वाटत नाही, आणि निवृत्तीनंतर महापालिकेचं अंदाजपत्रक वाचायची सवय लागली. जाडजूड पुस्तक असतं. डावीकडे लेखाशीर्ष, आणि पुढे रकाने: सरलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष आकडा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, येणाऱ्या वर्षाचा अंदाज. वर्तमानपत्रात येतो तो शेवटचा रकाना. आपण नाशिककर ज्यावर भांडतो, खूश होतो, निराश होतो, तोही शेवटचाच. गेली काही वर्षं मी मात्र पुस्तक उघडलं की आधी पहिला रकाना पाहतो. ठरवलं होतं काय हे शेवटच्या रकान्यात कळतं, घडलं काय हे पहिल्यात. एखाद्या उद्यानासाठी तीन वर्षं लागोपाठ तरतूद दिसते आणि प्रत्यक्षाच्या रकान्यात शून्य येतं, तेव्हा त्या उद्यानाच्या तीन वेगवेगळ्या बातम्या आपण वाचलेल्या असतात.

महापालिका नागरिकांशी बोलत नाही असं नाही, उलट खूप बोलते. घंटागाडी हा नाशिकने नव्वदच्या दशकातच रुळवलेला प्रकार. सकाळी गल्लीत तिचा आवाज आला की कचऱ्याच्या डब्याबरोबर महापालिकेचा निरोपही दारात येतो: ओला-सुका वेगळा करा, घरपट्टी आगाऊ भरा, एप्रिलमध्ये भरली तर सूट जास्त, मे-जूनमध्ये कमी. गणपतीत मूर्ती संकलनाची ठिकाणं, कृत्रिम तलावांची यादी. पाणीपुरवठा बंद राहणार असेल तो वार. आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तर मोठ्या थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवण्याची मोहीम महापालिकेने काढली होती. कुणी किती भरायचं राहिलं आहे, हे गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं गेलं. वसुली व्हायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. थकबाकीदाराचा बोजा शेवटी नियमाने भरणाऱ्यावरच पडतो. पण त्या दिवसांपासून एक गोष्ट मनात घर करून आहे. येणं बाकी आहे ते सांगायला गाव एवढा आवाज वापरतं, तर आलेल्या पैशाचं काय झालं हे सांगायलाही तेवढाच आवाज हवा.

नाशिकला मोठा आकडा समजून घेता येत नाही असं कुणी म्हणू नये. गोदेला पूर येतो तेव्हा गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते जाहीर होतं. तो आकडा ऐकून गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, माणूस लगेच नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे वळतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, गळ्याशी गेलं, डोक्यावरून वाहिलं. सराफ बाजारातला दुकानदार त्यावरून माल हलवायचा की नाही ते ठरवतो. क्युसेक म्हणजे काय हे न शिकता तीन-चार पिढ्यांना पुराचा हिशेब कळतो, कारण नदीत उभी असलेली खूण सगळ्यांची आहे. पैशाच्या प्रवाहात अशी खूण आपण उभी केलेली नाही.

खूण उभी करणं अवघडही नाही. २०२५-२६ चं महापालिकेचं अंदाजपत्रक ३ हजार कोटींच्या घरातलं. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार होती. आज ती ढोबळमानाने २० लाख धरली, तर माणशी वर्षाला १५ हजार रुपये. चौघांच्या घरामागे ६० हजार. माझ्या स्वतःच्या घरपट्टीची पावती या आकड्याशेजारी ठेवली की पहिला धक्का बसतो: मी तर याहून कितीतरी कमी भरतो. मग उरलेले पैसे कोण भरतं?

इथे थोडं मागे जावं लागेल. विल्होळीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या ते दिवस माझ्या वयाच्या माणसांना आठवतात. शहरात येणाऱ्या मालावर जकात होती, आणि महापालिकेचा संसार मुख्यतः तिच्यावर चालायचा. तिची किंमत एवढी होती की १९९९ मध्ये नाशिक महापालिकेने पाणीपुरवठ्यासाठी १०० कोटींचे रोखे काढले, तेव्हा निवडक जकात नाक्यांचं उत्पन्न त्यांच्या परतफेडीसाठी बांधून दिलं होतं. देशात अहमदाबादने नुकतीच ही वाट पाडली होती, आणि त्यानंतर लगेच जाणाऱ्या शहरांत नाशिक होतं. २०१३ मध्ये जकात गेली, स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आला. दोन वर्षांत तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याने कायदा करून महापालिकांना नुकसानभरपाई द्यायची ठरवली, दर वर्षी ८ टक्के वाढीसह. आज नाशिकच्या महसुलाचा जवळपास निम्मा भाग या भरपाईचा आहे. घरपट्टी दोन-अडीचशे कोटींच्या आसपास फिरते.

याचा अर्थ मला नीट समजायला वेळ लागला. जकात डोळ्यांना दिसायची. ट्रक, नाका, पावती, तिजोरी. व्यापार वाढला की नाक्यावरचं उत्पन्न वाढायचं, मंदी आली की कमी व्हायचं, आणि शहराला आपली नाडी आपल्याच हातात सापडायची. भरपाई मंत्रालयातून हप्त्याने येते. ती कुणाच्या खिशातून आली हे त्या हप्त्यावर लिहिलेलं नसतं. पण ती आली आहे आपल्याच खिशातून. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामाला जाणारा, सिडकोत एका खोलीत भाड्याने राहणारा मुलगा घरपट्टी भरत नाही. साबण, चप्पल, मोबाइल घेताना मात्र कर भरतो. म्हणून ‘करदाता नागरिक’ म्हटलं की बंगल्याचा मालक डोळ्यांसमोर येतो ते चुकीचं आहे. हिशेब विचारायचा हक्क त्या मुलाचाही आहे, आणि तो हिशेब त्याला कळेल अशा मराठीत मिळायला हवा.

२०१८ साली या शहराने पैशावर खरोखर वाद घातला. तुकाराम मुंढे फेब्रुवारीत आयुक्त म्हणून आले आणि नोव्हेंबरात बदलून गेले. तेवढ्या नऊ-दहा महिन्यांत रस्त्यांची २५७ कोटींची कामं थांबली, करयोग्य मूल्याचे दर वाढले, मोकळ्या जागांवरच्या करावरून शेतकरी रस्त्यावर उतरले, अविश्वास ठरावापर्यंत गोष्ट गेली आणि १ सप्टेंबरच्या सभेआधी मागे फिरली. त्यांच्या कारभाराबद्दल नाशिककरांची मतं आजही टोकाची आहेत. दरवाढ फार मोठी होती आणि ती समजावून सांगण्याआधी लादली गेली, असं माझंही मत आहे. पण दोन गोष्टी माझ्या मनात राहिल्या. एक म्हणजे त्यांची त्रिसूत्री: कामाची गरज आहे का, ते तांत्रिकदृष्ट्या होण्यासारखं आहे का, आणि त्यासाठी निधी आहे का. चहाच्या टपरीवरचा माणूसही तेव्हा ही तीन सूत्रं बोलून दाखवायचा. दुसरी म्हणजे शनिवारी सकाळी मैदानावर भरणारा ‘वॉक विथ कमिशनर’. गोल्फ क्लबवर नाव नोंदवून लोक रांगेत बसायचे, ध्वनिक्षेपकावर प्रश्न विचारायचे, आणि उत्तर सगळ्यांना ऐकू जायचं. प्रश्न बहुतेक गटाराचे, कुत्र्यांचे, अतिक्रमणाचे. पण उत्तर देताना ‘यासाठी या वर्षी पैसे नाहीत’ हे वाक्य उघड्या मैदानात उच्चारलं गेलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर राग आणि विचार दोन्ही एकदम उमटायचे. शहराच्या तिजोरीला तळ असतो, हे त्या सकाळी मोठ्याने बोललं जायचं.

पुढे काय झालं? मार्च २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढचं मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे, महासभेचेही त्यांच्याकडे. आयुक्त म्हणून अंदाजपत्रक मांडायचं आणि प्रशासक म्हणून मंजूर करायचं, अशी ती कायद्यानेच घातलेली रचना. मी जुन्या महासभांच्या प्रेक्षक सज्जात बसलो आहे. तिथला गोंधळ, राजदंड पळवणं, जादा विषयांची घाई, यातलं काहीच मला आवडत नव्हतं. तरीही एखादा नगरसेवक उठून ‘गेल्या वर्षीच्या तरतुदीतलं माझ्या प्रभागात काय झालं ते आधी सांगा’ म्हणायचा, तेव्हा पहिला रकाना सभागृहात वाचला जायचा. चार वर्षं तो वाचायला कुणी उभं राहिलं नाही. माझ्या लेखी त्या काळातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

वाचून दाखवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. तरुणपणी मी आमच्या पंचवटीतल्या गणेश मंडळाचा खजिनदार होतो. वर्गणी अकरा, एकवीस, एकावन्न रुपयांची. अनंत चतुर्दशी झाली की आठवड्याभरात जमाखर्च लिहून मंडपाच्या जागी फलकावर लावायचा, हा दंडक. पुढच्या वर्षीच्या अहवालात वर्गणीदारांची नावं, आणि शेवटच्या पानावर हिशेब: मंडप, मूर्ती, वीज, ढोलपथक, महाप्रसाद, शिल्लक. लोक तो फलक वाचायचे, बारकाईने वाचायचे. अकरा रुपये दिलेल्या आजी विचारायच्या, विजेला एवढे कसे रे लागले? आणि उत्तर द्यावंच लागे, कारण पुढच्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन त्यांच्याच दारात जायचं होतं. महापालिकेत आणि मंडळात फरक आहे हे मला कळतं. पण हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे, ही समज याच शहराच्या गल्लीबोळांत आहे, आणि ती प्रभागापर्यंत न्यायला कुठलाही नवा कायदा लागत नाही. नाशिकचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको, सातपूर. प्रत्येक विभागीय कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर त्या विभागात वर्षभरात प्रत्यक्ष खर्च किती झाला, कशावर झाला, एवढा एक फलक मावतो. पुण्यात २००६-०७ पासून नागरिक आपल्या भागातली लहान कामं अंदाजपत्रकासाठी सुचवू शकतात. सुचवणं चांगलंच. पण त्याआधी गेल्या वर्षीच्या सूचनेचं काय झालं ते कळलं, तर सुचवणाऱ्याचा हुरूप टिकतो.

हे सगळं आता तातडीचं झालं आहे ते सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २०२७ च्या २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला नाशिकला अमृतस्नानं, जुलै २०२८ मध्ये ध्वज उतरणार. या तारखा शहरात सगळ्यांना पाठ होतील. लोकांचा एवढा मोठा सोहळा या शहराच्या वाट्याला बारा वर्षांतून एकदा येतो आणि मला त्याचं मनापासून अप्रूप आहे. रामकुंडावरच्या गर्दीत वाट चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून नेणारे स्वयंसेवक मी पाहिले आहेत. शहर आपल्यातलं सगळ्यात चांगलं तेव्हा बाहेर काढतं.

पण सिंहस्थ ही शहराच्या तिजोरीतलीही सगळ्यात मोठी घटना असते. २०१५ च्या पर्वणीचा आराखडा २,४०० कोटींच्या आसपास होता आणि त्यातली हजार कोटींहून जास्त कामं महापालिकेची होती. रस्ते झाले, पूल झाले, घाट लांबले, जलवाहिन्या पडल्या. या वेळी आकडे त्याच्या कितीतरी पट आहेत, आणि नियोजनासाठी २०२५ मध्ये स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरणच स्थापन झालं. राज्याचा, केंद्राचा पैसा येतो तेव्हा आनंदच होतो. मात्र बाहेरून येणारा पैसा बांधण्यासाठी येतो, सांभाळण्यासाठी येत नाही. नव्या रस्त्यावर दिवे लागले की त्यांचं वीजबिल महापालिकेचं. मलजल शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं की त्याचे कर्मचारी, रसायनं, दुरुस्ती महापालिकेची. घाटावरचा गाळ दर पावसाळ्यानंतर तिनेच काढायचा. जुलै २०२१ पासून धावणारी सिटीलिंक हे रोज दिसणारं उदाहरण: बस सुरू झाल्याची बातमी एका दिवसाची, पण ठेकेदाराला किलोमीटरमागे द्यायचे पैसे आणि तिकिटातून येणारे पैसे यांतली तफावत दर वर्षी भरावी लागते. मी सिटीलिंकच्या बाजूचा आहे; शहराला बस हवीच आणि ती नफ्यात असायलाच हवी असंही नाही. ही तफावत आपण जाणीवपूर्वक सोसतो आहोत, हे प्रवाशाला आणि प्रवास न करणाऱ्यालाही माहीत असावं, एवढंच माझं म्हणणं.

लोकांना वेळेवर आणि नेमकं सांगितलं तर ते वाचतात, याचा पुरावा तपोवनाने दिला. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी, म्हणजे सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठीच्या वसाहतीसाठी, तिथल्या सुमारे १,८०० झाडांबाबत हरकती मागवणारी जाहीर सूचना निघाली. कायद्याच्या भाषेतली, कोपऱ्यात छापून येते तशी. ती गावाने वाचली. शेकडो हरकती आल्या, लोक झाडांखाली जमले, जुन्या झाडांची वयं मोजली जाऊ लागली. साधुग्राम हवं म्हणणारे आणि झाडं वाचवा म्हणणारे यांच्यातला वाद काहींना अप्रिय वाटला. मला ते शहराच्या प्रकृतीचं चांगलं लक्षण वाटलं, कारण निर्णय होण्याआधी माहिती हाती आली होती आणि तिच्यात संख्या, जागा आणि मुदत तिन्ही होत्या. पैशाच्या बाबतीत अशी सूचना क्वचितच येते. कामाचं भूमिपूजन कळतं, त्याचा देखभालीचा खर्च कळत नाही.

एक गोष्ट मला फार बोचते. २०२५ च्या अखेरीस महापालिकेने गोदावरीच्या स्वच्छतेसाठी २०० कोटींचे रोखे काढले आणि ते राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदले गेले. पाऊल धाडसाचं आहे, मला ते पसंत आहे. या रोख्यांना सेबीचे नियम लागू होतात, म्हणून गुंतवणूकदाराला महापालिकेची आर्थिक स्थिती ठरावीक मुदतीत कळवावी लागते. मुंबईतल्या कुठल्या तरी निधीच्या व्यवस्थापकाला नाशिकच्या जमाखर्चाची माहिती नियमाने, वेळेवर, तपासलेली मिळणार. गोदेच्या काठावर जन्म काढलेल्या माणसालाही तीच माहिती, त्याच दिवशी, मराठीत मिळाली पाहिजे. कागद तयारच असतो. फक्त त्याची मराठी प्रत काढून सहा विभागीय कार्यालयांत लावायची आहे.

आणि ऐकायला जागाही आहे. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. शंभरी ओलांडलेली परंपरा. उकाड्याच्या संध्याकाळी माणसं नदीकाठी येऊन बसतात आणि अर्थकारणापासून अध्यात्मापर्यंत सगळं ऐकतात. त्यातली एक संध्याकाळ शहराच्या हिशेबासाठी मागावी असं मला वाटतं. मार्चअखेरचे ढोबळ आकडे मेपर्यंत हाती आलेले असतात. स्थायी समितीच्या सभापतींनी किंवा आयुक्तांनी तासभर बोलावं: किती आले, कुठून आले, कशावर गेले, कुठलं काम राहिलं आणि का, किती दायित्व पुढच्या वर्षावर गेलं. नंतर प्रश्न घ्यावेत. पहिल्या वर्षी पटांगण भरणार नाही. तरीही बोलावं.

सिंहस्थाच्या कामांसाठी माझी मागणी याहून लहान आहे. कामाच्या जागी फलक असतोच. त्यावर कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम, मुदत लिहिलेली असते. त्याखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात: ध्वज उतरल्यानंतर हे काम कोण सांभाळणार, आणि सांभाळायला वर्षाला अंदाजे किती लागणार. आमच्या भागातल्या नगरसेवकांना मी हे सांगितलं आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रभाग समितीत मांडायचं कबूल केलं आहे.

२०२७-२८ या पर्वणीच्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे २०२९-३० च्या अंदाजपत्रकाच्या पुस्तकात छापले जातील. ते पुस्तक २०२९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेलं सभागृह तेव्हा कामावर असेल, त्यामुळे विचारायला माणसं असतील. पुस्तक आलं की पहिला रकाना मी वाचणार आहे, आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या ज्यांना ज्यांना ऐकायचं असेल त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवणार आहे.